वसंत डोंगर चढत जातो : चोपता-तुंगनाथच्या फोटो सहलीची आखणी

गेल्या काही भागांनंतर एक प्रश्न बडोद्याहून, इंदूरहून, बेळगावहून, दिल्लीहून वारंवार आला. ‘आम्ही सात-आठ जण मिळून वसंतात हिमालयात फोटो काढायला जाणार आहोत. गट कसा न्यायचा? कोणती तारीख धरायची?’ आजचा भाग या प्रश्नावर आहे. उदाहरण म्हणून मी गढवालमधला चोपता-तुंगनाथचा भाग घेतो. तिथे गट घेऊन मी बऱ्याच वेळा गेलो आहे, आणि चुकाही तिथेच केल्या आहेत.

पहिली चूक तारखेचीच होती. पहिल्या वर्षी मी एप्रिलच्या सुरुवातीचा आठवडा ठरवला. बुरांस बघायला चला, असं सगळ्यांना सांगितलं. बुरांस म्हणजे लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. चोपत्याला पोचलो तर झाडांवर घट्ट मिटलेल्या कळ्या आणि खाली बर्फाचे ढीग. नऊ जणांचे चेहरे पडलेले. चहाच्या टपरीवरच्या आजोबांना विचारलं, फुलं कुठे आहेत? ते हसून म्हणाले, ‘फूल तो नीचे हैं, आप ऊपर क्यों आ गए?’ दुसऱ्या दिवशी आम्ही मक्कूमठच्या बाजूला खाली उतरलो. अख्खा उतार लाल झाला होता.

आजच्या भागाचं सार त्या वाक्यात आहे. डोंगरात वसंत तारखेनं येत नाही, तो उंचीनं येतो. तो खालून वर चढत जातो. आपली आखणीही तशीच वर चढणारी हवी.

वसंताचा वेग किती?

आपल्याकडे पळस आणि पांगारा फुलले की फाल्गुन-चैत्र आला हे कळतं. सपाटीवर पंचांग आणि झाड यांचं बऱ्यापैकी जमतं. डोंगरात जमत नाही, कारण दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा ते साडेसहा अंश सेल्सियसनं उतरतं. खाली ज्या दिवशी शर्टावर फिरता येतं, त्याच दिवशी वर बर्फ पडत असतो.

अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं १९१८ मध्ये यासाठी एक ढोबळ नियम मांडला. वसंतातल्या घटना दर ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर उंचीमागे चार दिवस उशिरा घडतात. हा नियम अमेरिकेतल्या नोंदींवरून आलेला आहे, हिमालयात तो तंतोतंत लागू होणार नाही. पण अंदाजाला चांगला आहे. हजार मीटरला महिनाभराचा फरक. दीड हजार मीटर उंचीवरचा बुरांस आणि तीन हजार मीटरवरचा बुरांस यांच्यात सुमारे सात आठवड्यांचं अंतर. उखीमठच्या आसपास, म्हणजे १३०० मीटरच्या जरा वर, मार्चमध्ये फुलं दिसली तर चोपत्याला, म्हणजे सुमारे २७०० मीटरवर, एप्रिलच्या उत्तरार्धाकडे बघायचं.

याला दोन दुरुस्त्या आहेत. एक म्हणजे उताराची दिशा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराला ऊन जास्त मिळतं, तिथलं बर्फ लवकर वितळतं आणि फूल लवकर येतं. त्याच डोंगराच्या उत्तर बाजूला पंधरा दिवसांनंतरही बर्फ असू शकतं. दुसरी दुरुस्ती त्या वर्षीच्या हिवाळ्याची. अलीकडे काही वर्षी बुरांस जानेवारी-फेब्रुवारीतच फुलल्याच्या बातम्या आल्या आहेत. म्हणून निघण्याच्या दहा दिवस आधी तिथल्या राहण्याच्या ठिकाणी फोन करून तीन गोष्टी विचारा : रस्ता उघडा आहे का, बर्फ कुठपर्यंत आहे, आणि फूल कुठपर्यंत चढलंय.

गावातली मुलंही वसंताची वर्दी देतात. चैत्र संक्रांतीला, म्हणजे मार्चच्या मध्याला, उत्तराखंडात फूलदेई असते. मुलं पहाटे रानफुलं गोळा करतात आणि घरोघरच्या उंबऱ्यावर ठेवतात. त्या सुमारास गेलात तर मुलांचे फोटो काढण्याआधी घरच्या मोठ्यांना विचारा. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. मग उंबऱ्यावरच्या फुलांचा फोटो घ्या, तोही वसंताचाच आहे.

सात दिवस कसे मांडायचे?

बहुतेक गट एक चूक करतात. रात्रीच्या गाडीनं ऋषिकेश, दुसऱ्या दिवशी थेट चोपता, आणि तिसऱ्या पहाटे चंद्रशिलेवर. समुद्रसपाटीवरचा माणूस जेमतेम दीड-दोन दिवसांत ४००० मीटरच्या आसपास जातो. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही त्याची लक्षणं. हा त्रास रोज पळणाऱ्या तरुणालाही होतो, वयाचा आणि ताकदीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो चढण्याच्या वेगाशी.

म्हणून मी अशी मांडणी करतो.

पहिला दिवस : ऋषिकेशहून उखीमठ. वाटेत देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथीचा संगम, रुद्रप्रयागला अलकनंदा आणि मंदाकिनीचा. दोन नद्यांच्या पाण्याचे रंग वेगळे असतील तर ती रेघ पुलावरून किंवा वरच्या रस्त्यावरून चांगली दिसते.

दुसरा दिवस : सारी गाव आणि आसपासची शेतं. खालचा वसंत इथे पूर्ण आलेला असतो. मुक्काम सारीलाच.

तिसरा दिवस : पहाटे देवरिया ताल. तलाव २४३८ मीटरवर आहे. पाणी स्थिर असेल तर ७१३८ मीटर उंचीच्या चौखंब्याचं प्रतिबिंब दिसतं. वारा सुटला की ते मोडतं, म्हणून पहाटेच पोचायचं. झोपायला परत सारीला. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपलं की शरीराला सवय होते.

चौथा दिवस : चोपता. फक्त पोचायचं, कुरणावर फिरायचं, भरपूर पाणी प्यायचं.

पाचवा दिवस : बांज आणि बुरांसच्या जंगलाकडेनं पक्षी. संध्याकाळी सगळ्यांची विचारपूस.

सहावा दिवस : तुंगनाथ आणि जमलं तर चंद्रशिला.

सातवा दिवस : राखीव. डोंगरात राखीव दिवस नसेल तर गटप्रमुखाच्या हातून धोक्याचे निर्णय होतात. वर गारा पडत असतात, आणि ‘आज नाही तर कधीच नाही’ म्हणून माणसं निघतात.

या मांडणीत गंमत अशी की शरीर ज्या वेगानं चढतं, त्याच क्रमानं आपण वसंताच्या एकेका पायरीवर जातो. खाली पूर्ण फुललेलं, मध्ये उमलणारं, वर कळ्या आणि बर्फ. वरची फुलं अजून नाहीत म्हणून कोणी हिरमुसत नाही, कारण खालची बघून झालेली असतात. पहिल्या वर्षी मी हेच केलं असतं तर त्या आजोबांना विचारायची वेळ आली नसती.

प्रकाशाबद्दल चार कामाच्या गोष्टी

पहिली गोष्ट बर्फाची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. सगळीकडे पांढरं असेल तर तो फोटो काळवंडवतो आणि बर्फ राखाडी येतं. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, मग हिस्टोग्राम बघा. मोबाइल असेल तर बर्फावर बोट टेकवा आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा.

दुसरी गोष्ट लाल फुलांची. इथे उलट करायचं. भर उन्हात बुरांसचा लाल रंग कॅमेऱ्यात लवकर फुटतो आणि पाकळ्यांचे बारकावे जाऊन एक लाल ठिपका उरतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी करा. ढगाळ दिवस याच कामासाठी राखा. ढग आले म्हणून खोलीत बसणारे फोटोग्राफर बुरांसचे सगळ्यात चांगले फोटो गमावतात.

तिसरी गोष्ट मोनालची. नर मोनालच्या अंगावरचा हिरवा, निळा, तांबूस झगमगाट हा साध्या रंगासारखा नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो झगमगाट तयार होतो. कोन बदलला की रंग बदलतो, आणि प्रकाश कमी झाला की पक्षी जवळजवळ काळा दिसतो. म्हणून सूर्य आपल्या पाठीशी हवा आणि ऊन कोवळं हवं. पक्ष्याचा पाठलाग करू नका. तो चोचीनं जमीन उकरून मुळं आणि किडे शोधत हळूहळू सरकतो. त्याची दिशा ओळखून आपण आधीच योग्य बाजूला बसायचं.

चौथी गोष्ट थंडीची. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. उतरलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा बॅगेतच बंद ठेवा आणि तासाभरानं काढा. लगेच काढलात तर काचेवर आणि आतही बाष्प धरतं.

आणखी एक. एप्रिलपासून खालच्या चीडच्या जंगलांत वणवे लागतात आणि दऱ्यांत धूर साचतो. अशा दिवसांत दूरची शिखरं फिकी दिसतात. तेव्हा जवळचे विषय घ्या : शेवाळ, साल, पाकळी, दंव. पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. ती सकाळ शिखरांसाठी.

शिखरावरचा सूर्योदय हवाच का?

हा मुद्दा अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. चंद्रशिलेवरून सूर्योदय बघण्यासाठी चोपत्याहून मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता निघावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये वाटेवर बर्फ असतं आणि रात्री ते गोठून निसरडं होतं. मिश्र वयाचा गट, पाठीवर कॅमेऱ्याचं ओझं आणि अंधार, हे गणित चांगलं नाही.

मी पहाटेचा प्रकाश चोपत्याच्या कुरणावरूनच घ्यायला लावतो. चौखंबा तिथूनही दिसतो, आणि पहिलं ऊन त्याच्या माथ्यावर पडताना समोर बुरांसची झाडं मिळतात. शिखरावर नुसतं आभाळ आणि बर्फ असतं. फोटो झाले की न्याहारी करून, उजेडात, तुंगनाथकडे निघायचं. चोपत्याहून देऊळ साडेतीन-चार किलोमीटरवर आहे. ३६८० मीटरवरचं हे पंचकेदारांतलं सर्वांत उंच देऊळ. त्याची दारं हिवाळ्यात बंद असतात आणि साधारण एप्रिलअखेर ते मे महिन्यात उघडतात. तोवर पूजा मक्कूमठला होते. त्यामुळे वसंताच्या सुरुवातीला गेलात तर दर्शन खाली, देऊळ वर, हे गटातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर वर पोचून बंद दार बघून त्यांना फार वाईट वाटतं.

परतण्याची वेळ निघण्याआधीच ठरवा. आमच्या गटात ती अकराची असते. अकरा वाजले की जिथे असू तिथून मागे. दुपारनंतर ढग जमतात, गारा किंवा बर्फ सुरू होतं आणि उतरणीवर माणसं घसरतात. तुंगनाथहून चंद्रशिला दीड किलोमीटरच उरलेली असते, पण घड्याळ अकरा म्हणत असेल तर ती पुढच्या वर्षी. गटाच्या पुढे एक स्थानिक सोबती आणि सर्वांत मागे एक. गटप्रमुख मध्ये फिरता. त्या दिवशी गटप्रमुखानं स्वतःचा मोठा कॅमेरा खोलीवर ठेवावा. डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की माणसं मोजायची राहून जातात.

‘नाही’ कुठे म्हणायचं?

आता सगळ्यात अवघड भाग. फोटोग्राफरसाठी जो हंगाम, तोच पक्ष्यांसाठी विणीचा हंगाम. मोनालची मादी जमिनीवरच अंडी घालते आणि एकटीच उबवते. आपण जवळ गेलो आणि ती उठली, तर अंडी गारठतात किंवा दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडतात. आपल्याला तो दोन मिनिटांचा फोटो असतो, तिच्यासाठी त्या वर्षीची वीण असते.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्या नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो खाणं सोडून भांडायला येतो. एकदा आलेल्या गटानं हे केलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, की तो दिवसभर अदृश्य शत्रूशी लढत बसतो. आमच्या सहलीत हे पूर्ण बंद आहे. आवाज ऐकायचेच असतील तर गप्प बसा. मोसम पुढे सरकला असेल तर ‘काफल पाक्को’ ऐकू येईल. तो कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे. आपला पावशा जसा ‘पेरते व्हा’ म्हणतो असं आपण मानतो, तसं तिथली माणसं ‘काफल पिकली’ असं त्याच्या तोंडी ऐकतात.

हा केवळ भल्याबुऱ्याचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. हा परिसर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्याला लागून आणि काही ठिकाणी त्याच्या आत आहे. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. रानटी पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळित करणंही त्या व्याख्येत येतं. आत जाण्याची परवानगी, शुल्क, ड्रोन याबद्दल वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा. परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन उडवायचा नाही.

दुसरं ‘नाही’ माणसांना म्हणायचं असतं, आणि ते जास्त कठीण जातं. एका वर्षी आमच्या गटात इंदूरच्या एक काकू होत्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना विचारलं, डोकं वगैरे कसं आहे? काकू म्हणाल्या, एकदम मस्त. पण त्यांनी ताट तसंच परत केलं होतं. सकाळी पुन्हा विचारलं तेव्हा कबूल झाल्या, रात्रभर डोकं ठणकत होतं.

मी म्हणालो, ‘काकू, आज तुम्ही वर येत नाही.’

‘अरे, दोन वर्षं पैसे साठवून आलेय मी. डोकं दुखतंय म्हणून थांबू होय?’

मला उत्तर सुचेना. ज्यांनी दोन वर्षं वाट बघितली त्यांना अडवायचं, हे सोपं नसतं. पण नियम साधा आहे : लक्षणं असताना आणखी उंच जायचं नाही. आराम करून बरं वाटलं तर ठीक, वाढलं तर लगेच खाली. एकट्याला मागे ठेवायचं नाही. दोन सोबत्यांपैकी एक काकूंजवळ थांबला आणि उखीमठला उतरायची गाडी सांगून ठेवली. पुढे-मागे चालायला आता एकच सोबती उरला, म्हणून आम्ही देवळापाशीच थांबून परत फिरायचं ठरवलं. तिघं नाराज झाले. तेही ऐकून घेतलं.

दुपारी उतरलो तर काकू टपरीबाहेर उन्हात बसलेल्या. दुखणं उतरलं होतं. समोरच्या एकाच बुरांसचे त्यांनी सकाळपासून फोटो काढले होते. सकाळी दंव पडलेली कळी, मग ऊन आल्यावर, मग त्याच फांदीवरची अर्धी उमललेली, मग ढगातली. चोपत्याचा वसंत नेमका त्या दिवशी त्या झाडावर चढत होता, आणि आम्ही बाकीचे त्याच्या शेजारून वर निघून गेलो होतो. काकूंचा राग मात्र गेला नव्हता. ‘चंद्रशिला राहिलीच ना रे’ असं त्या ऋषिकेशपर्यंत म्हणत होत्या. पुढच्या वर्षी त्या परत आल्या, एक दिवस जास्त घेऊन, आणि देवळाच्या पुढेही गेल्या.

निघण्याआधी

थोडक्यात एवढं लक्षात ठेवा. तारीख ठरवण्याआधी उंची ठरवा. मुक्काम खालून वर मांडा, एक दिवस राखीव ठेवा. बर्फाला उजेड वाढवा, लाल फुलाला कमी करा. रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळं विचारा आणि ताटाकडे बघा, तोंडाच्या उत्तरावर जाऊ नका. घरट्यापासून लांब राहा. परतीची वेळ आली की परत फिरा.

आणि वर पोचून फुलं दिसली नाहीत, तर खाली उतरा. फुलं तिथेच असतील.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या आसपास सध्या काय फुललंय, ते एकदा थांबून बघून ठेवा.